हेन्री व्हँडाइक कार्टर
हेन्री व्हँडाइक कार्टर (२२ मे, इ.स. १८३१: हल, इंग्लंड - ४ मे, इ.स. १८९७: स्कारबरो, इंग्लंड) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि चित्रकार होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे त्यांनी काढली. मायसेटोमा अर्थात ‘मदुरा पाय’ या रोगाचे कारण बुरशी असल्याचे त्यांनी मुंबईत प्रतिपादिले.

जीवन

कार्टर यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार होते. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात कार्टर यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. हेन्री ग्रे यांच्या ग्रंथासाठी काढलेल्या चित्रांचा त्यांना एकरकमी मोबदला मिळाला. ग्रंथाच्या विक्रीत मात्र वाटा मिळाला नाही. इ.स. १८५८ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ते मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले. पुढे काही वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. इ.स. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले.

संशोधन

मायसेटोमामध्ये बहुधा पाय सुजतो, त्यावर छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक कण बाहेर येतात. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना काट्याच्या जखमेतून हा रोग जडतो. त्या काळी पाय कापणे हाच बहुधा उपाय उरे. कार्टर यांनी हे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, रंगांवरून त्यांचे प्रकार पाडले आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. इ.स. १८७४ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुष्ठरोग व पुनरावर्ती ताप या रोगांवरही त्यांनी संशोधन केले.

उत्तरकालीन मूल्यमापन

कार्टर यांनी एकत्र मांडलेल्या या रोगाचे काही प्रकार बुरशीमुळे, तर काही जीवाणूंमुळे होतात, असे पुढे सिद्ध झाले. दोहोंची औषधे वेगळी असल्याने हा भेद रुग्णासाठी निर्णायक ठरतो. विसाव्या शतकात रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझासारख्या चाचण्या वापरात आल्या. मात्र एका जंतूविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या जंतूच्या प्रतिजनालाही चिकटू शकतात, तसेच शुद्ध व प्रमाणित प्रतिजन सहज उपलब्ध नसतात. त्यामुळे केवळ या चाचण्यांवर निदान करता येत नाही. कणांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, ही कार्टर यांनी अवलंबिलेली पद्धत, आजही निदानात महत्त्वाची मानली जाते. इ.स. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.