केळकरांचा चष्मा

मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. १९९० च्या दशकातले ‘मीडिया’, ‘समुराई’ असल्या नावांचे टीव्हीला जोडायचे संच, वायर तुटलेले रिमोट आणि पिवळ्या कॅसेटी. सगळा संग्रह शेळगावच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत मावतो. बजेट म्हणाल तर मेसचं बिल भरून उरेल तेवढं! म्हणूनच या छंदात मी गुरू मानतो ते पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांना.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. पोटापाण्याला घरचा चष्म्यांचा धंदा. ना संस्थान, ना गिरणी. तरी साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला घेतल्या. पत्नी कमलाबाईंची या वेडाला साथ होती.

त्यांची खरी हुशारी होती ती निवडीत. सोन्या-हिऱ्यांच्या मागे न लागता त्यांनी रोजच्या वापरातलं सामान गोळा केलं. दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे, वाद्यं, आणि हो, खेळायच्या गंजिफासुद्धा! अडकित्ता म्हणजे काय, तर फर्स्ट इयरला शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ. पण ते ओळीने मांडलेले पाहिले की कळतं, एका तरफेला आपल्या कारागिरांनी किती रूपं दिली. एकटा अडकित्ता हे सांगत नाही, संग्रह सांगतो.

केळकरांचा मुलगा राजा सात वर्षांचा असतानाच गेला. संग्रहालयाला त्यांनी त्याचंच नाव दिलं. १९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून पुन्हा उभे केले. आणि आयुष्यभराची ही कमाई विकून पैसा न करता महाराष्ट्र शासनाला देऊन टाकली! १७ एप्रिल १९९० ला ते गेले.

आता आपलं बघा. जुना गेम आपण पाच मिनिटांत भंगारात घालतो. आतलं सर्किट तांब्यासाठी जाळलं जातं. खरं तर निम्म्या कॅसेटींना काहीच झालेलं नसतं. नुसते संपर्काचे पट्टे काळे पडलेले असतात. खोडरबराने हलकेच घासले, की गेम चालू. फुंकर मात्र मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्टे आणखी गंजतात.

वस्तू स्वस्त असते तेव्हा तिला किंमत नसते, आणि किंमत येते तेव्हा ती शिल्लक नसते. या दोन्हींच्या मधे जो उभा राहतो, तो संग्राहक. त्याला पैशापेक्षा नजर लागते, आणि चष्मेवाल्या केळकरांकडे ती होती.

पुण्याला गेलात तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. आणि सुट्टीत घरी गेलात की आधी माळा धुंडाळा. भंगारवाल्याच्या आधी!