ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणाऱ्या शिक्षिका

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि राज्यातील बालवाड्यांची दारे बंद झाली. शहरांतील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मग मोबाईलच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. पडद्यापलीकडून बाई सांगत आणि घरी आई किंवा आजी ते मुलाकडून करवून घेई. डाळीत मिसळलेले राजमे वेगळे काढायचे, भाजीच्या टोपलीतील रंग ओळखायचे, मोज्यांच्या जोड्या लावायच्या, पेल्याने बादलीत पाणी भरायचे. अनेक पालकांना हा नव्या युगाचा शोध वाटला. वस्तुतः घरातील रोजचे व्यवहार हाच लहान मुलाचा अभ्यासक्रम, हा विचार महाराष्ट्रात रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांना जाऊन तेव्हा ४६ वर्षे उलटली होती. ताराबाईंचे उत्तरायुष्यातील काम मात्र अशा मुलांसाठी होते, ज्यांच्या घरी निवडायला डाळ असेलच याची खात्री नव्हती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींनी शिकावे की नाही हा वाद समाजात धुमसत असताना या घरात तो प्रश्नच नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णा विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले, तेव्हा ताराबाईंच्या पदरात प्रभा ही लहान मुलगी होती. घटस्फोट हा शब्दही मध्यमवर्गीय घरांत दबक्या आवाजात उच्चारला जाई, असा तो काळ. पदवी आणि नोकरी हाच अशा स्त्रीला आधार होता.

नोकरी मिळाली ती चांगल्यापैकी प्रतिष्ठेची. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. निश्चित वेतन, मान, संस्थानी राजधानीतील वास्तव्य हे सारे त्यांना लाभले होते. एकट्या आईने ते सोडावे असे कोणीही सुचवले नसते. ताराबाईंनी मात्र अल्पावधीतच ते सोडले आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. त्यांच्या आयुष्यातील धाडसाचा विचार करताना सर्वसाधारणपणे बोर्डी आणि कोसबाड डोळ्यांपुढे येतात. पण खरी उडी ही होती. बोर्डीला जाताना त्यांच्यामागे नाव आणि संस्था होती, भावनगरला जाताना काहीही नव्हते.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मुळातले वकील. मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी भारावून त्यांनी वकिली सोडली आणि मुलांत रमले. गुजरातने त्यांना मिशीवाली आई ही प्रेमाची पदवी दिली. बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीस नव्हते आणि पहिला-दुसरा नंबरही नव्हता. माँटेसरीबाईंची साधने होती, पण माँटेसरीबाईंना फारशी पसंत नसलेली परीकथा आणि लोककथाही होती. गिजुभाईंना गोष्टीवाचून बालशाळा ही कल्पनाच मान्य नव्हती. पद्धत परदेशी असली तरी मूल इथले आहे, हा त्यांचा आग्रह ताराबाईंनी पुरेपूर आत्मसात केला आणि पुढे त्या गिजुभाईंच्याही पुढे गेल्या.

गिजुभाईंनी स्वप्ने पाहिली आणि ताराबाईंनी त्यांची घडी बसवली, अशी वाटणी पुष्कळदा केली जाते. ती तितकीशी न्याय्य नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण, परिषदा, मासिकाचे संपादन, पत्रव्यवहार हा भार ताराबाईंनी उचलला हे खरे. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा गाडा तर प्रामुख्याने त्यांनीच ओढला. पण बालकाच्या हट्टाचा अर्थ काय, शिस्त बाहेरून लादायची की आतून यायची, मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे की भरवावे, या प्रश्नांवरचे त्यांचे लेखन हे स्वतंत्र निरीक्षणातून आलेले आहे. आधी गुजरातीतून आणि पुढे मराठीतून त्या पालकांशी सतत बोलत राहिल्या. शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती हे त्याचे मुख्य साधन होते. आजच्या पालकत्वविषयक सदरांची पणजी म्हणून या मासिकाकडे पाहायला हरकत नाही.

भावनगरला सुमारे नऊ वर्षे काढून १९३२ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि त्याला जोडून शिक्षिकांचे प्रशिक्षण अशी ही रचना होती. दादरचा मध्यमवर्ग सुशिक्षित आणि हौशी होता. मुलाला लवकर अक्षरे यावीत, आकडे यावेत ही घाई त्या वेळीही होती. ताराबाईंचे म्हणणे निराळे होते. बटण लावणे, पाणी न सांडता ओतणे, आपली सतरंजी आपण गुंडाळणे, फडक्याने टेबल पुसणे यांत बोटांची, डोळ्यांची आणि मनाची जी तयारी होते, तिच्यावरच पुढे लेखन आणि गणित उभे राहते. ज्या हाताला वाटीतला तांदूळ दुसऱ्या वाटीत ओतता येत नाही, त्या हातात पेन्सिल देऊन उपयोग नाही. शिशुविहार नावारूपाला आले. ताराबाईंनी तेथेच थांबून समाधान मानले असते, तरी इतिहासाने त्यांची नोंद घेतलीच असती.

तथापि एक अस्वस्थता त्यांना पोखरत होती. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह काढले, ते कष्टकऱ्यांच्या वस्तीत. भारतात येईतो मात्र ही पद्धत सुखवस्तू घरांची मिरास झाली होती. लाकडी मनोरे, दट्टे, रंगीत पट्ट्या यांचा संच सामान्य खेड्याच्या आवाक्याबाहेरचा होता. १९३१ मध्ये लंडनला माँटेसरी प्रशिक्षण संस्थेत गेलेल्या गांधीजींनीही गरिबाच्या मुलाचाच प्रश्न उपस्थित केला होता. गांधीजींच्या नई तालीमचा विचार प्रथम सात वर्षांपासून पुढच्या मुलांपुरता होता. १९४५ च्या सुमारास त्यात त्याआधीच्या वयाचाही समावेश झाला. त्या वयासाठी खेड्यात नेमके काय करायचे, याचे तयार उत्तर कोणाकडे नव्हते. ते शोधायला ताराबाई वयाच्या ५३ व्या वर्षी दादर सोडून निघाल्या.

त्या गेल्या तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला. समुद्रकाठच्या या गावात आचार्य भिसे यांनी शिक्षणाचे काम उभे केलेले होते. डिसेंबर १९४५ मध्ये तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली होती. बालवयात वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताईंनी नोकरी सोडली आणि त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. एक घटस्फोटिता, दुसरी बालविधवा. त्या काळाच्या दृष्टीने संसारातून उठलेल्या या दोन स्त्रियांनी परक्यांच्या मुलांचा जो संसार केला, त्याला महाराष्ट्रात तोड सापडणे कठीण आहे.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. गावात बालवाडी उघडली म्हणून सगळी मुले येत नाहीत. दलित वस्तीतील मुले आली नाहीत. कोणाच्या अंगावर कपडा नव्हता, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड होते आणि आई मजुरीला गेलेली होती. शिवाय सवर्णांच्या मुलांशेजारी आपले मूल बसवण्याची धास्ती होतीच. उपदेश करून हे बदलणारे नव्हते. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, जमतील त्या मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे देशभर पसरलेला हा शब्द असा अडचणीतून जन्माला आला.

या अंगणातील साधने पाहिली की ताराबाईंनी माँटेसरी पद्धत किती सोलून, तिचा गाभा तेवढा घेतला होता हे ध्यानी येते. समुद्रावरचे शिंपले, नदीतले खडे, चिंचोके, झाडांच्या बिया, पाने, करवंट्या यांवर काम चाले. खडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावले की आकाराची समज आली. चिंचोके पाच-पाच करून मांडले की गणती आली. पानांचे हिरवे पोपटी, गडद, पिवळट असे गट केले की रंगांच्या छटा आल्या. मोठी करवंटी किती लहान करवंट्यांनी भरते हे पाहणे म्हणजे मापनाचा पहिला पाठ. साहित्य हरवले, फुटले तरी चिंता नव्हती. यातील जवळपास प्रत्येक गोष्ट मूल संध्याकाळी आपल्या घरी पुन्हा करू शकत होते, आणि आईने ती पाहिली तर तिच्याही ध्यानात येत होते की मूल रिकामे बसलेले नाही.

अशा कामाला शिकलेल्या शहरी शिक्षिका पुरणाऱ्या नव्हत्या आणि खेड्यात राहणाऱ्याही नव्हत्या. म्हणून जेमतेम शिकलेल्या गावातील स्त्रियांना बालसेविका म्हणून तयार करण्यात आले. दरम्यान १९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. त्यांच्या चरित्रात या पर्वाला फार जागा द्यावी असे काही नाही. त्यांचे मन सभागृहात रमणारे नव्हते.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता गाठ होती वारली आदिवासींशी. याच मुलखात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. मोठ्यांच्या पाठीवरचा जुलूम हटवण्याचे काम त्या लढ्याने केले. ताराबाई आणि अनुताई मुलांकडे वळल्या. दोघींची वाट राजकारणाची नव्हती, पण उपाशी आणि सावकाराच्या कर्जात बुडालेले घर पाहिल्यावर बालशिक्षण हा निव्वळ गाण्या-गोष्टींचा विषय राहत नाही, हे त्यांना उमगले होते.

कोसबाडच्या झोपड्या एकमेकींपासून दूर, टेकड्यांवर विखुरलेल्या. मोठी बहीण शाळेत यायची तर कडेवरच्या भावाचे काय? म्हणून पाळणाघर. ते मूल जरा मोठे झाले की बालवाडी आणि त्यानंतर प्राथमिक शाळा. हे तिन्ही एकत्र आणणाऱ्या प्रयोगाला विकासवाडी असे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरे चरत त्या कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. या प्रयोगांत अनुताईंचा वाटा फार मोठा आहे. भाषेचीही अडचण होती. पुस्तकातील मराठी आणि वारल्यांची बोली यांत अंतर होते. म्हणून मुलाच्या ओळखीचे झाड, पक्षी, घरातली कामे यांवरूनच बोलणे सुरू करावे लागे. दादरच्या मुलासाठी रोजचा विषय म्हणजे नळ आणि ट्राम असेल, तर कोसबाडच्या मुलासाठी तो ताडाचे झाड आणि बकरी होता.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिला प्रकल्प अमरावती जिल्ह्यातील धारणीचा होता. योजनेच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द असा भारतभर गेला. त्याचा अर्थ मात्र पूर्णपणे त्याच्याबरोबर गेला असे म्हणता येत नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी या अत्यावश्यक सेवांच्या धबडग्यात शाळापूर्व शिक्षण ही सहा सेवांपैकी एक होऊन बसली, आणि वजनाच्या नोंदी व रजिस्टरे भरून झाल्यावर उरेल त्या वेळात ती आटोपण्याची पाळी अनेक सेविकांवर आली. तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया म्हणून अधिकृतपणे मान्य व्हायला २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यावे लागले.

ताराबाईंच्या मागे अनुताई १९ वर्षे कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला त्या टेकडीचेच नाव आहे. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या. तोपर्यंत कोसबाडच्या पहिल्या बालवाडीतील मुले स्वतः आई-बाप झाली होती.