गामा पहेलवान : आखाड्यात एक, पाठीशी अख्खं घर

23 मे हा रुस्तुम-ए-जमान गामा पहेलवान यांचा स्मृतिदिन. अकोल्याच्या बैदपुऱ्यात किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात एखाद्या म्हाताऱ्या कुस्तीशौकिनासमोर हे नाव काढा, तो लगेच सावरून बसतो. गामांच्या कुस्त्या आपल्याला ठाऊक आहेत. पण वर्षानुवर्षं दुनियेपासून बाजूला होऊन त्यांनी जी मेहनत केली, ती करताना त्यांच्यासोबत कोण उभं होतं, हे आपण फारसं विचारत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

गामांचं खरं नाव गुलाम मुहम्मद. जन्म 1878 सालचा, अमृतसरकडचा. घराणं काश्मिरी आणि पहेलवानांचं. वडील अजीजबक्ष हे दतिया संस्थानाच्या आश्रयाचे मल्ल. पोरगा अवघा सहा वर्षांचा असताना ते अल्लाला प्यारे झाले. आधी आजोबा नून पहेलवान यांनी आणि त्यांच्यानंतर मामा ईदा पहेलवान यांनी त्याला सांभाळलं, मातीत उतरवलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या मुलाच्या मागे कोणी ना कोणी होतं. यतीम पोराचं शिक्षण घरच्यांनी उचलून धरलं नसतं तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

दहा वर्षांचा असताना जोधपूरला बैठकांची स्पर्धा झाली. चारशेच्या वर मल्ल उतरले होते. शेवटच्या पंधरांत हा पोरगा टिकला आणि महाराजांनी त्यालाच विजयी ठरवलं. त्यानंतर दतियाच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला आणि खरी तपश्चर्या सुरू झाली. दिवसाला चाळीस-चाळीस पहेलवानांशी लढत, हजारो जोर, हजारो बैठका असे त्यांच्या मेहनतीचे आकडे सांगितले जातात. थोडी भर त्यात पडलीही असेल. लोकप्रिय माणसाच्या बाबतीत तसं होतंच. पण एक गोष्ट तालमीत गेलेला कोणीही सांगेल. पहेलवान एकट्याने तयार होत नाही. लढतीला समोर जोड लागतो. मालिश करणारे हात लागतात. बदाम घोटणारा, दूध तापवणारा, फजरच्या आधी उठवणारा माणूस लागतो.

हा जोड गामांना घरातच मिळाला. धाकटे भाऊ इमामबक्ष. तेही मोठे मल्ल, उंचीने थोरल्या भावापेक्षा सरस. दुसऱ्या घरात दोन भावांची चढाओढ लागली असती. इथं इमामबक्ष यांनी स्वतःची कुस्तीही सोडली नाही आणि भावाची साथही नाही. पुढच्या काळात तर गामांशी लढायचं असेल तर आधी इमामबक्षला पाडून या, अशी रीतच पडली होती, असं जुने शौकीन सांगतात. भावाच्या दाराशी पहाऱ्याला भाऊच उभा, असा तो प्रकार.

1910 मध्ये दोघे भाऊ लंडनला गेले. गामांची उंची कमी, जेमतेम पाच फूट सात इंच. त्यामुळे त्यांना स्पर्धेत घेतलंच नाही. परका मुलुख, परकी भाषा, लढायला कुस्ती नाही. अशा वेळी माणूस खचतो. गामांनी उलट जाहीर आव्हान दिलं : कोणत्याही वजनाचे तीन मल्ल तीस मिनिटांत पाडून दाखवतो. लोकांना आधी ती थाप वाटली. मग अमेरिकेचा बेंजामिन रोलर पुढे आला आणि पंधरा मिनिटांच्या आत दोनदा चितपट झाला. इमामबक्ष यांनीही त्याच दौऱ्यात स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरवलं. 10 सप्टेंबरला गामांची गाठ पोलंडच्या झ्बिश्कोशी पडली. तो अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर पडून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली. 17 सप्टेंबरला पुन्हा लढायचं ठरलं, तर पठ्ठ्या आलाच नाही. ‘जॉन बुल’ पट्टा गामांना मिळाला.

मायदेशी परतल्यावर अलाहाबादेत रहीमबक्ष सुलतानीवाला या धिप्पाड मल्लाशी कुस्ती झाली. तरुणपणी त्याच्याशी झालेली कुस्ती बरोबरीत सुटली होती. या वेळी गामा जिंकले आणि रुस्तुम-ए-हिंद झाले. 1928 मध्ये पतियाळात झ्बिश्को पुन्हा समोर आला, तेव्हा निकाल लागायला एक मिनिटही लागलं नाही. त्या वेळी गामा पन्नाशीला टेकले होते. अठरा वर्षं शिस्त मोडली नाही, त्याचं हे फळ.

आपल्या महाराष्ट्राशीही या घराचं नातं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं. 1912 मध्ये त्याच्या उद्घाटनाला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. मराठी मुलखातल्या सर्वांत मोठ्या मैदानाची पहिली माती या धाकट्या भावाच्या अंगाला लागली, ही लहान गोष्ट नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1914 मध्ये, अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. 1936 मध्ये त्या मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकपर्यंत आपले खेळ दाखवायला गेलं. तिथंही दोन भावांची जोडीच होती बघा.

1947 ला फाळणी झाली आणि गामा लाहोरला राहिले. दंगलीत मोहनी रोडवरच्या हिंदू शेजाऱ्यांवर जमाव चालून आला, तेव्हा गामा आपल्या पठ्ठ्यांसह आडवे उभे राहिले. आयुष्यभर कमावलेली ताकद कुठं वापरायची हे त्यांनी त्या दिवशी दाखवलं. शेवटची वर्षं आजारपणात, तंगीत गेली. भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी मदत पाठवली. 23 मे 1960 रोजी लाहोरमध्ये त्यांचं निधन झालं. इमामबक्ष यांचे चिरंजीव भोलू पहेलवान आणि त्यांच्या भावंडांनी घराण्याचं नाव पुढे चालवलं.

हे सगळं आज का सांगायचं? कारण आमच्या वऱ्हाडातली पोरंही आता कुस्ती, ज्यूदो, कराटेसाठी सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष घर सोडून शिबिरात, तालमीत राहतात. मोबाईल बंद, शिस्त कडक. मेडल मिळालं की मोहल्ल्यात पोराचा हार घालून सत्कार होतो, फोटो निघतात. त्या वर्षभरात दुकान सांभाळणारा भाऊ, लेकरं एकटीने वाढवणारी बायको, खुराकासाठी दागिना मोडणारी आई मात्र फोटोत नसते. उलट ‘नवरा खेळत बसला अन् ही राबते’ असे टोमणे त्या बाईला ऐकावे लागतात.

आपल्या दीनमध्ये याचा नमुना आधीच आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) हिरा गुहेत एकांतात जायचे, तेव्हा शिदोरी घ्यायला हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडेच परत यायचे. त्या मोठ्या व्यापारी होत्या, घर-कारभार त्यांच्यावर होता. तरी त्यांनी त्या एकांताला अडवलं नाही, आधार दिला. आणि प्रेषितांनी (सल्ल.) ही साथ त्यांच्या वफातीनंतरही कधी विसरली नाही. साथ देणं जितकं मोठं, तितकंच ती आठवणीत ठेवणंही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पोरगा शिबिराला निघाला तर आधी घरात बसून ठरवा : किती महिने, खर्च कुठून, घर कोण बघणार. बायकोला विचारा, तिला नुसता निरोप देऊ नका. जमातीने खुराकाला मदत करताना त्या घराच्या किराण्याचीही चौकशी करावी. आणि पुढच्या सत्काराला स्टेजवर दोन खुर्च्या ठेवा. एक पहेलवानाची, दुसरी त्याच्या इमामबक्षची. मग तो भाऊ असो, आई असो की बायको.