माणगावचा नाईक यशवंत घाडगे

पेणहून नागोठणे, कोलाड करीत मुंबई-गोवा रस्त्याने खाली उतरले की रोहा तालुका मागे पडतो आणि माणगाव लागते. १९२० साली बाबासाहेबांची परिषद भरली ते माणगाव कोल्हापूरकडचे; दोहोंची गल्लत होऊ नये. रायगडच्या या माणगावात एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. तो नाईक यशवंत घाडगे यांचा होय.

माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने १११ वी महार पलटण मोडून टाकली. शेजारच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा यशवंत पाच वर्षांचे होते. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली आणि १९४१ साली सरकारला महार रेजिमेंट उभारावी लागली. गरज असेल तेव्हा शूर, गरज सरली की नकोसे, असा तो व्यवहार होता!

यशवंत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. अधिकारी नव्हते, दोन फितींचे नाईक, एका लहानशा तुकडीचे प्रमुख.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. उरले एकटे यशवंत. मागे फिरले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. ते पुढे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशिनगन व ती चालविणारा बंद पाडला, दुसऱ्यास आपल्या टॉमीगनने टिपले. नवी काडतुसे भरण्यास उसंत नव्हती. बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस.

मेलेले ते शत्रूही कोणाचे तरी पुत्रच होते. हत्येचे गुणगान येथे करावयाचे नाही. आपल्या माणसांचे प्राण घेणाऱ्या तोफेसमोर एकट्याने जाण्याचे धैर्य तेवढे सांगावयाचे आहे.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक १८५६ साली निघाले. शिपाई असो वा सेनापती, पदक एकच. परंतु भारतीय सैनिकाला ते १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हते. त्याने रक्त सांडावे, मान मात्र गोऱ्याचा! इटलीच्या लढाईत पन्नास हजारांहून अधिक भारतीय होते, त्यांतील ५,७८२ मेले. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांनी मिळविले.

यशवंतांचा देह पळसगावला परतला नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये पेरुजियाजवळच्या माँतोने गावी त्यांच्या नावाने आणखी एक स्मारक झाले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे.