ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट

कॅम्प ४ मधल्या आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात भगवानदादांच्या ढंगाचा एक तरी नाच असायचाच. सातवीत मीही ‘शोला जो भडके’वर नाचले आहे. संगीत सी. रामचंद्रांचे, एवढे निवेदनात सांगितले जाई. त्या सुरांमागे वाद्ये वाजवणारी माणसे कोण, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळले. त्यांच्यातल्या एकाची ओळख या स्मरणिकेत करून द्यावीशी वाटते.

त्यांचे मूळ नाव आंतोनिओ झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी. मुलाने मेकॅनिक व्हावे, ही आईची इच्छा. पण पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. प्रार्थनेसाठी गाणारे-वाजवणारे हवेत, म्हणून तिथे लहान मुलांना अक्षरांसारखीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. पुढे पोटासाठी गाव सोडणाऱ्या कित्येकांना हीच विद्या उपयोगी पडली. अशाच शाळेत वाझ यांच्या संगीताचा पाया घातला गेला.

मुंबईत ते ट्रम्पेटवादक म्हणून नावारूपाला आले. दैवत एकच, अमेरिकेचे लुई आर्मस्ट्राँग. त्यांच्यासारखेच वाजवायचे, त्यांच्यासारखेच घोगऱ्या आवाजात गायचे. लोक त्यांना ‘भारताचे आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले आणि ‘चिक चॉकलेट’ हेच त्यांचे नाव झाले. १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजत असे.

रात्री हॉटेल आणि दिवसा स्टुडिओ, असे त्या काळी अनेक गोवेकर वादकांचे आयुष्य होते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि हळदोण्याचे चिक यांची गाठ तिथेच पडली. संगीतकार चाल बांधे ती पेटीवर, गाऊन दाखवत. पण वीस-तीस वादकांनी एकाच वेळी वाजवायचे, तर प्रत्येकापुढे कागद लागतो. चाल ऐकून तो कागद लिहायचा आणि कागद पाहून वाजवायचे, हे काम चर्चच्या शाळेत शिकलेली मंडळी करीत. रोज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मला यातली किमया लगेच पटते.

१९५१ च्या ‘अलबेला’त चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पण तेव्हा तबकडीवर वादकांची नावे छापत नसत. १९६७ मध्ये, पन्नाशीच्या आसपास, ते गेले. त्यांचे वादन ऐकलेले लोक लाखो असतील. नाव माहीत असलेले किती थोडे!

हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. दहावी जवळ आली की आपल्या वेळापत्रकातला संगीताचा तास गणिताला जायचा. गणिताने मला नोकरी दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या वर्गातही एखादा ट्रम्पेटवाला बसला असेल का, हे कधी कळलेच नाही. हळदोण्याच्या मुलाला ते कळले, कारण कुणीतरी त्याला लहानपणीच सूर वाचायला शिकवले.

म्हणून या मेळाव्यात आपल्या बॅचपुढे एक प्रस्ताव ठेवते. शाळेला भेट म्हणून यंदा भिंतीवरचे घड्याळ नको. एक पेटी, एक तबलाजोडी, एक ट्रम्पेट आणि वर्षभर आठवड्यातून दोनदा येणाऱ्या संगीतशिक्षकाचे मानधन, एवढा खर्च आपण उचलू. माझा वाटा मी आधीच बाजूला काढून ठेवला आहे.