तंजावरच्या राजाचे पाद्रीबाबा

दोह्यात रविवार कामाचा दिवस. त्यामुळे इथल्या चर्चमध्ये खरी गर्दी होते ती शुक्रवारी. ऑफिसातला माझा एक तमिळ सहकारी दर शुक्रवारी मेसाईमीरच्या चर्च संकुलात जातो. एकदा त्याची गाडी गॅरेजला होती म्हणून मी त्याला सोडायला निघालो. वाटेत त्याने विचारलं की तुमच्या मराठी राजाचं संगमरवरी शिल्प आमच्या तंजावरच्या चर्चमध्ये आहे, हे तुला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं. इंजिनीअरिंग केलं, पण तंजावरचे भोसले म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी, एवढंच माझं ज्ञान. त्या रात्री वाचायला बसलो आणि ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाचा माणूस भेटला.

श्वार्ट्झचा जन्म 1726 मधला, प्रशियातल्या झोनेनबुर्गचा. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. हाले इथे शिकताना छपाईच्या कामासाठी तो तमिळ शिकला आणि 1750 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरला. भारतातलं पहिलं लुथेरन मिशन तिथेच 1706 मध्ये सुरू झालं होतं. पुढे तिरुचिरापल्ली आणि 1778 पासून तंजावर हे त्याचं घर झालं. त्याने लग्न केलं नाही आणि तो मायदेशी परतला नाही. एकूण 48 वर्षं तो इथेच राहिला.

त्याने उभ्या केलेल्या मंडळ्या लहान होत्या. पाळयंकोट्टईची मंडळी तर एका मराठी ब्राह्मण विधवेने वाढवली. श्वार्ट्झने 1778 मध्ये तिचा बाप्तिस्मा केला आणि तिचं नाव क्लोरिंडा झालं. 1780 च्या नोंदवहीत तिथे जेमतेम 40 माणसं आहेत आणि त्यात पहिलं नाव तिचं. 1785 मध्ये तिने बांधवलेलं चर्च आजही उभं आहे.

श्वार्ट्झची खरी मिळकत होती विश्वास. 1779 मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी हैदर अलीकडे बोलणी करायला पाठवलं ते यालाच. युद्धात तंजावर उपाशी पडलं, तेव्हा पूर्वी फसवले गेलेले शेतकरी धान्य द्यायला तयार नव्हते. श्वार्ट्झने पैशांची हमी स्वतः घेतली आणि धान्याचे बैल शहरात आले.

पण त्याचीही एक चूक झाली. 1787 मध्ये तुळजाजी राजे मरणशय्येवर होते. दत्तक घेतलेल्या छोट्या सरफोजीला त्यांना श्वार्ट्झच्या हाती सोपवायचं होतं. श्वार्ट्झने ती जबाबदारी नाकारली आणि राजाच्या भावाकडे, अमरसिंहाकडे, कारभार देण्याचा सल्ला दिला. अमरसिंह स्वतःच गादीवर बसला आणि दहा वर्षांचा पोर कोंडल्यासारखा राहिला. ना शिक्षण, ना मोकळी हवा. मग श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे पाठपुरावा केला, मुलाचा पालक झाला आणि 1793 मध्ये त्याला सुरक्षितपणे मद्रासला हलवलं. तिथे सरफोजी नीट शिकले.

13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ गेला. शेवटचं दर्शन घ्यायला सरफोजी आले होते. त्याच वर्षी त्यांना गादी मिळाली, पण 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. पाद्रीबाबांनी मुलगा वाचवला, राज्य वाचलं नाही. हाही हिशोब मांडायलाच हवा.

सरफोजींनी धर्म बदलला नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेणारे तेच, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे आणि देवनागरी छापखाना काढणारेही तेच. आणि लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून गुरूचं शिल्प घडवून घेणारेही तेच. त्यात आजारी श्वार्ट्झ पलंगावर आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे.

आम्हा आखातातल्या माणसांना या देशांत कायमचं राहायचं नसतं. कंत्राट संपलं की बॅग भरायची. साताऱ्याहून आई दर फोनवर विचारते, परत कधी येणार? मी दरवेळी पुढचं वर्ष सांगतो. श्वार्ट्झला असं विचारणारी आई उरली नव्हती, ती तो लहान असतानाच गेली होती. परक्या गावात, परक्या धर्माच्या मुलासाठी तो थांबला आणि आपली चूक निस्तरली. मी इथे कुणासाठी काय केलं, या प्रश्नाला माझ्याकडे सध्या तरी फक्त एक शुक्रवारची लिफ्ट आहे.

गाडी दुरुस्त झाली तरी आता दर शुक्रवारी आम्ही एकत्रच निघतो. यंदाच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन तंजावरला जायचं ठरलंय. सहकाऱ्याचे वडील आम्हाला चर्च दाखवणार आहेत. माझ्या बाबांनी आधीच बजावलंय, मोडी कागद पाहायला सरस्वती महालात एक अख्खा दिवस ठेव.