पडद्यावरील पहिले नाव

इसवी सन १९०८ च्या सुमारास अमेरिकेतील प्रेक्षक चित्रपट पाहून बाहेर पडत, तेव्हा पडद्यावरील नटनटींची नावे त्यांना ठाऊक नसत. चित्रपट मूक असत, दहा-पंधरा मिनिटांत संपत आणि त्यांवर नाव असे ते केवळ निर्मितीसंस्थेचे. कलावंताचे नाव लोकांच्या तोंडी झाले तर तो अधिक वेतन मागेल, अशी निर्मात्यांना भीती वाटे. या अनामिकांतून ज्यांचे नाव सर्वप्रथम सर्वतोमुखी झाले, त्यांत फ्लॉरेन्स लॉरेन्स यांची गणना होते.

त्यांचा जन्म १८८६ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे झाला. आई लॉटा लॉरेन्स या फिरती नाटक मंडळी चालवीत; त्यामुळे अभिनयाचे बाळकडू घरातच मिळाले. चित्रपटांत त्या शिरल्या, तेव्हा हॉलिवूड उदयास यावयाचे होते आणि बहुतेक निर्मिती न्यूयॉर्कच्या परिसरात होत असे. १९०८ मध्ये त्या तेथील बायोग्राफ कंपनीत दाखल झाल्या. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी अनेक भूमिका केल्या. प्रेक्षक पत्रे लिहून त्यांचे नाव विचारीत. कंपनी उत्तर देत नसे. अखेर लोकांनीच त्यांना ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणण्यास आरंभ केला.

कार्ल लेमली या चतुर निर्मात्याने ही उत्सुकता ओळखली आणि त्यांना आपल्या कंपनीत आणले. १९१० मध्ये फ्लॉरेन्स अपघातात मरण पावल्याची वार्ता पसरली. लगोलग लेमली यांनी जाहिरात देऊन ती खोटी असल्याचे घोषित केले व त्यांना सेंट लुईस शहरी प्रेक्षकांसमोर उभे केले. स्थानकावर प्रचंड गर्दी लोटली. मूळ अफवा लेमली यांनीच उठविली असावी, असे मानले जाते. हेतू व्यापाराचा होता खरा. परंतु निनावी चेहऱ्याला नाव लाभले.

फ्लॉरेन्स यांना मोटारीचा मोठा नाद होता. बटण दाबताच गाडीच्या मागे वर येऊन वळण्याची दिशा दाखविणारा यांत्रिक हात त्यांनी तयार केला. ब्रेक दाबल्यावर मागच्या वाहनास थांबण्याचा इशारा देणारी पाटीही त्यांनी योजिली. मात्र या शोधांचे एकस्व त्यांनी घेतले नाही आणि श्रेय त्यांच्याकडे आले नाही.

पुढे चित्रीकरणाच्या वेळी लागलेल्या आगीत त्या जखमी झाल्या. त्या सावरेपर्यंत प्रेक्षकांपुढे नवे चेहरे आले होते. नटांची नावे छापण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली होती, पण त्या नावांत फ्लॉरेन्स मागे पडल्या. बोलपटांच्या काळात मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने जुन्या कलावंतांना किरकोळ कामे देऊ केली. १९३६ पासून फ्लॉरेन्सही तेथे आठवड्याच्या पगारावर गर्दीतील भूमिका करू लागल्या. यांपैकी कित्येक भूमिकांत श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेखही नसे.

अस्थिमज्जेच्या दुर्धर आजाराने त्रस्त होऊन २८ डिसेंबर १९३८ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. हॉलिवूडमधील दफनभूमीत त्यांच्या कबरीवर साधा नामफलकही नव्हता. तो १९९१ मध्ये एका ब्रिटिश अभिनेत्याने स्वखर्चाने बसविला. त्या वेळी त्याने स्वतःचे नाव मात्र गुप्त ठेवले.